वकील मुलांची नोकरी आणि मधला माणूस

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेले भाषण)



आम्ही वकील नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. तरीही या विषयावर आम्हालाच उभे केले आहे, याचे कारण इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी वकील झाली आणि तिच्या नोकरीच्या कामात पहिली चूक आमच्या हातून घडली. तीच आज सांगणार आहोत.

मुलीने कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, सनद घेतली, बार कौन्सिलची परीक्षा दिली आणि कल्याणच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून जाऊ लागली. तारखा घेणे, अर्ज टाइप करणे, नकला काढणे, काम भरपूर. हाती पडे ते लोकलच्या पासात आणि डब्यात संपे. दोन वर्षे गेल्यावर ती म्हणाली, "काका, कुठल्यातरी कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये लागायचं आहे." आता ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्यांची वकिली आहे, त्यांच्या मुलांची अशी कामे घरच्या ओळखीवर होऊन जातात. आपल्याकडे ओळख कोणाची? मग मधला माणूस शोधावा लागतो. त्यालाच रिक्रूटर किंवा प्लेसमेंट कन्सल्टंट म्हणतात.

आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने अंधेरीचा एक कन्सल्टंट सुचवला. आम्ही मुलीला घेऊन गेलो. त्याने नोंदणीचे म्हणून 6,000 रुपये सांगितले. आम्ही काउंटरवर बसणारे लोक. पैसे व्यक्तीच्या नावे जातात की फर्मच्या, हे आधी पाहतो. खाते फर्मचे होते, पावती मिळाली, तिच्यावर जीएसटी क्रमांकही होता. एवढ्यावर आमचे समाधान झाले. मुलीचा बायोडाटा कोठे कोठे जाणार आहे, हे विचारायचे मात्र आम्हाला सुचले नाही.

तो एकाच वेळी चाळीसेक ठिकाणी गेला. त्यातले एक कार्यालय तिच्या सिनियरांच्या कॉलेजातल्या मित्राचे निघाले. पंधरा दिवसांच्या आत सिनियरांनी तिला बोलावून विचारले, "जायचं तर खुशाल जा, पण हे मला बाहेरून का कळावं?" माणूस वाईट नव्हता, पण त्यांचे मन उतरले ते उतरलेच. तिच्याकडच्या फायली दुसऱ्या ज्युनिअरकडे गेल्या. मुलगी घरी आली आणि तिने कोट घडी करून कपाटात ठेवला. आम्हाला ती एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही चौकशीला लागलो. हा धंदा चालतो तो असा: माणूस नेमला गेला की त्याच्या वार्षिक पगाराचा ठरलेला हिस्सा नेमणारी कंपनी किंवा लॉ फर्म रिक्रूटरला देते. म्हणजे तो त्यांचा माणूस, आपला नव्हे. त्यात गैर काही नाही, पण ते आपण ओळखून असावे. जो उमेदवाराकडून आधीच पैसे घेतो, त्याची कमाई त्याच दिवशी झालेली असते. पुढे नोकरी लागो वा न लागो. अमेरिकेत वकिलांच्या रिक्रूटरांची एक संघटना 1984 पासून आहे. तिच्या आचारसंहितेत उमेदवाराच्या संमतीवाचून त्याचे नाव कोठेही पाठवू नये, असे बंधन आहे. इकडे ती संमतीची अट आपणच घालून घ्यावी लागते, आणि तीही लेखी.

दुसऱ्यांदा मुलगी एकटीच गेली. आम्हीच म्हटले, आता आम्ही येत नाही. फोर्टमधल्या एक बाई होत्या, स्वतः काही वर्षे वकिली केलेल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत. आधी विचारले, "तुला मॅजिस्ट्रेट व्हायचं आहे का?" मुलीच्या मनात ते होतेच, पण कोणी विचारले नव्हते. बाईंनी समजावले, की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते आणि तसे बार कौन्सिलला कळवावे लागते. शिवाय मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ स्तराच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. तिची दोनच वर्षे झाली होती. "तिसरं वर्ष पुरं कर, मग माझ्याकडे ये," असे म्हणून त्यांनी तिला परत पाठवले. तिला कोठे लावून दिले असते तर बाईंना चार पैसे मिळाले असते. अंधेरीच्या गृहस्थाने सनदेचा विषयच काढला नव्हता.

तेव्हा रिक्रूटरकडे जाल तेव्हा तो फक्त वकिलांचे काम करतो की कारखान्याचा फोरमन आणि वकील एकाच यादीत ठेवतो, ते पाहा. गेल्या वर्षी आमच्याइतक्या अनुभवाची मुले कोठे लावली, हे सरळ विचारा. दोन वर्षांच्या ज्युनिअरसाठी कंपन्या सहसा रिक्रूटरला पैसे मोजत नाहीत, हे जो तोंडावर सांगतो त्याच्याकडे पुन्हा जायला हरकत नाही. सरकारी बँकांतल्या लॉ ऑफिसरच्या जागा आयबीपीएसच्या परीक्षेतून भरतात. तिथे आपली ओळख आहे असे कोणी सांगितले, तर चहा न घेता उठावे.

मुलगी आता ठाण्यात दुसऱ्या सिनियरांकडे आहे. तिसरे वर्ष पुरे होत आले आहे. संध्याकाळी करार तपासण्याचे थोडे काम करते. बाईंचा तीन-चार महिन्यांनी फोन येतो. मागच्या वेळी त्यांनी दोन कंपन्यांची नावे सांगितली. एकीला ती हो म्हणाली. दुसरी तिच्या आताच्या सिनियरांची अशील निघाली, तिथे नको म्हणाली, आणि तिथे बायोडाटा गेला नाही.

अंधेरीची ती पावती आम्ही खिशात घेऊन आलो आहोत. कोणाला पाहायची असेल तर चहाच्या वेळी दाखवू.