वेगवान यंत्राचे वार्धक्य

मनुष्याच्या वार्धक्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. यंत्राच्या वार्धक्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. यंत्र जुने झाले की ते भंगारात द्यावे आणि त्याच्या जागी नवे आणावे, हा व्यवहाराचा सरळ न्याय आहे, आणि बहुतेक यंत्रांच्या बाबतीत तो योग्यही आहे. तथापि काही यंत्रे अशी असतात की त्यांचे मालक हा न्याय मान्य करावयास तयार नसतात. जपानमधील हिरोशिमाच्या माझदा कारखान्याने तयार केलेली ‘आरएक्स-७’ ही दोन दारांची वेगवान मोटार अशा यंत्रांपैकी एक होय. तिची तिसरी आणि अखेरची पिढी १९९१ मध्ये बाजारात आली आणि २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे त्यांतील सर्वांत धाकट्या गाडीनेही आता विशी ओलांडली आहे. अशी गाडी बाळगणे, तिची निगा राखणे आणि तिच्यात फेरफार करणे हा वरवर पाहता एक खर्चिक छंद वाटेल. परंतु थोडे खोलवर पाहिले, तर जुन्या वस्तूंशी माणसाने आणि शासनाने कसे वागावे, हा व्यापक प्रश्न त्यात दडलेला आढळतो.

या गाडीची थोरवी आणि तिची दुखणी या दोहोंचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे तिचे इंजिन. सामान्य मोटारीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये खालीवर होतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांनी कल्पिलेल्या इंजिनात दट्ट्याच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर लंबगोलासारख्या पोकळीत फिरत राहतो, आणि इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे त्या फिरण्यातच उरकतात. माझदाने १९६१ मध्ये एनएसयू या जर्मन कंपनीशी या इंजिनासाठी करार केला. आरंभीच्या नमुन्यांत रोटरच्या टोकांवरील पट्ट्या पोकळीच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे चरे पाडीत. कारखान्यातील लोकांनी त्या चऱ्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले होते. केनइची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली सत्तेचाळीस अभियंत्यांनी हा प्रश्न सोडविला, आणि १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही दोन रोटरांची मोटार विक्रीस आली. १९७८ मध्ये पहिली आरएक्स-७ आली. पुढे १९९१ च्या जूनमध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरांच्या गाडीने जिंकली. तो मान मिळविणारी ही पहिली जपानी कंपनी होय.

तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये ६५४ घन सेंटिमीटरांचे दोन रोटर आहेत. इतके लहान आणि हलके इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे बसविता येते. त्यामुळे गाडीचे वजन पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान वाटले जाते, आणि वळणावर ती चालकाचा हेतू ओळखल्याप्रमाणे वळते. इंजिनाला दोन टर्बो जोडलेले आहेत. एक आरंभापासून काम करतो, तर दुसरा इंजिनाचे मिनिटाला सुमारे साडेचार हजार फेरे झाले म्हणजे त्याच्या साह्यास येतो. ही देवघेव सांभाळण्यासाठी बारीक रबरी नळ्यांचे एक गुंतागुंतीचे जाळे इंजिनावर पसरलेले आहे.

वार्धक्य प्रथम शिरते ते याच जाळ्यात. टर्बोच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात, आणि एखादी नळी सुटली की दुसरा टर्बो वेळेवर जागा होत नाही. अनभिज्ञ मालक अशा वेळी टर्बोच बदलावयास निघतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार! जाणता कारागीर आधी नळ्या तपासतो. दुसरे दुखणे पाण्याचे. या इंजिनात रोटरभोवतीची कवचे ॲल्युमिनियमची, तर त्यांच्या बाजूंच्या तबकड्या बिडाच्या असतात. हे सगळे थर लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. तापल्यावर दोन धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे एकदा जरी इंजिन प्रमाणाबाहेर तापले, तरी मधली रबरी कडी निकामी होऊन पाणी आत झिरपू लागते. आरंभीच्या गाड्यांत थंडाव्याच्या पाण्यातील हवा वेगळी करणारी एक प्लास्टिकची छोटी टाकी होती. ती वयोमानाने तडकते, आणि एवढ्याशा टाकीपायी सबंध इंजिन गमावण्याची पाळी येते. म्हणून ती टाकी बदलून धातूची बसविणे हे शहाण्या मालकाचे पहिले काम समजले जाते.

तिसरे दुखणे रोटरच्या टोकांवरील पट्ट्यांचे. प्रत्येक रोटरला तीन टोके, म्हणजे दोहोंची मिळून सहा. या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिन स्वतःच थोडे थोडे तेल ज्वलनकक्षात सोडीत असते. तेव्हा या गाडीने तेल खाणे हा दोष नसून तिचा धर्म आहे. जो मालक तेलाची पातळी वरचेवर पाहत नाही, तो तिचा अन्नदाताच विसरला असे म्हणावे लागेल. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केले, तर आत इंधन साचून ते पुन्हा सुरू होणे कठीण जाते. म्हणून गाडी फाटकातून अंगणात घ्यावयाची असली, तरी इंजिन पुरते तापेपर्यंत थांबण्याची सवय मालकाला लावून घ्यावी लागते. जुनी गाडी विकत घेणारा मनुष्य रंग आणि चकाकी पाहून भुलला नाही, तर तो आधी दाबाची तपासणी मागतो. ही तपासणी साध्या मापकाने होत नाही. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा दाखविणारे खास उपकरण तिला लागते. तिन्ही आकडे पुरेसे आणि परस्परांशी जुळणारे असले, तर इंजिनाची प्रकृती ठीक आहे असे समजावे.

निगा राखण्याच्या या मार्गावरूनच पुढे फेरफारांची वाट फुटते. मात्र सर्व फेरफार एका मापाने मोजता येत नाहीत. मोठा रेडिएटर, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या नळ्या, पाण्याचे खरे तापमान दाखविणारा वेगळा काटा, हे बदल गाडीचे आयुष्य वाढवितात. कारखान्याने बसविलेला मूळ काटा बराच काळ मध्यावरच स्थिर राहतो, आणि तो हलल्याचे दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून अचूक काटा बसविणे हा चैनीचा बदल नव्हे. दुसऱ्या प्रकारचे फेरफार केवळ शक्तीसाठी होतात. दोन टर्बो काढून एकच मोठा बसवावा, हवेचा दाब वाढवावा, धुराड्याचा आवाज चढवावा, असा मोह अनेकांना होतो. त्यातही तारतम्य असू शकते. परंतु दाब वाढविला आणि त्या मानाने इंधन व थंडावा वाढविला नाही, तर आत अकाली स्फोट होऊन त्या पट्ट्या क्षणार्धात तुटतात. पी हळद आणि हो गोरी, ही वृत्ती या इंजिनाला मानवत नाही. शिवाय वाढलेली शक्ती पेलण्यास ब्रेक, टायर आणि चालक हे तिन्ही समर्थ हवेत. रस्ता हा सर्वांचा आहे, आणि मालकाच्या हौसेची किंमत पादचाऱ्याने मोजावी, असा कोणताही न्याय नाही.

येथे शासनाचा संबंध येतो. जपानमध्ये नव्या खाजगी मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. तीत ब्रेक, दिवे, धूर, आवाज यांची परीक्षा होते. गाडीचा तळ जमिनीपासून निदान नऊ सेंटिमीटर उंच असावा लागतो. लांबी, रुंदी, उंची किंवा वजन यांत ठरावीक मर्यादेपलीकडे बदल झाला, तर त्याची रीतसर नोंद करावी लागते. १९९५ मध्ये या नियमांत पुष्कळ सवलत देण्यात आली आणि अनेक सुटे भाग नोंदीवाचून बसविण्याची मुभा मिळाली. बंदी घालून छंद भूमिगत करण्यापेक्षा, मर्यादा आखून त्याला उजेडात ठेवणे अधिक हिताचे, हे या धोरणाचे सार आहे. कराच्या बाबतीत मात्र या गाडीला कौतुक मिळत नाही. रोटरी इंजिनाची क्षमता करासाठी दीडपट धरली जाते, म्हणून १३०८ घन सेंटिमीटरांची ही गाडी दोन लिटरांच्या वर्गात बसते. शिवाय नोंदणीला तेरा वर्षे उलटली की पेट्रोलच्या गाडीवर सुमारे पंधरा टक्के अधिक वार्षिक कर द्यावा लागतो.

या करामागे हवेच्या शुद्धतेचा विचार आहे, आणि तो निराधार नाही. जुने इंजिन नव्याहून अधिक धूर सोडते, आणि रोटरी इंजिनाची इंधनाची भूकही मोठी आहे. परंतु वर्षाकाठी थोडेच अंतर चालणारी आणि निगुतीने राखलेली गाडी, आणि रोज धावणारी हेळसांडीची गाडी, या दोहोंना केवळ वयावरून एकाच तागडीत तोलणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. म्हणजे वयाचा मान पन्नाशीनंतर मिळतो. दोन्ही देशांच्या नियमांकडे एकत्र पाहिले, तर ध्यानात येते की वस्तूचा खरा कसोटीचा काळ मधला असतो. ती नवी राहिलेली नसते आणि अद्याप वारसाही ठरलेली नसते. याच काळात बहुतेक वस्तू नाहीशा होतात. पन्नाशीला पोचणाऱ्या थोड्या गाड्या कोणा ना कोणा सामान्य मालकाने त्या मधल्या वर्षांत पदरमोड करून जगविलेल्या असतात.

सुदैवाने कारखान्यांनाही याची जाणीव होऊ लागली आहे. माझदाने आपल्या पहिल्या ‘रोडस्टर’ गाडीच्या पुनरुज्जीवनाची योजना २०१७ मध्ये जाहीर केली. पुढे आरएक्स-७ च्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीसाठी बंद झालेले काही सुटे भाग पुन्हा तयार करण्यास तिने आरंभ केला. निसाननेही २०१७ मध्ये आपल्या ‘स्कायलाइन जीटी-आर’साठी असेच पाऊल उचलले. भाग मिळाला तरी तो बसविणारा हात हवा. रोटरचे थर उलगडून पुन्हा अचूक जुळविणारे कारागीर थोडे आहेत, आणि ही विद्या पुस्तकापेक्षा शेजारी उभे राहून शिकण्याची आहे. ती शिकणारा शिष्य मिळाला नाही, तर सुट्या भागांनी भरलेले कोठारही निरुपयोगी ठरेल.

अलीकडे या गाड्यांना एक नवे संकट भेडसावीत आहे, आणि ते म्हणजे त्यांची वाढलेली किंमत. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी गाडी तेथील सुरक्षा-मानकांच्या अटींवाचून आयात करता येते. त्यामुळे १९९० नंतरच्या जपानी गाड्यांना तेथे मोठी मागणी आली. गाडी मौल्यवान झाली की मालक ती चालविण्यास कचरतो आणि पांघरूण घालून ठेवून देतो. परंतु उभे असलेले यंत्र झिजत नसले, तरी कुजते. रबर सुकते, इंधन बिघडते, पट्ट्या अडकून बसतात. नाकापेक्षा मोती जड झाला की दोहोंचीही शोभा जाते.

जपानमधील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधले जाते. असे अखेरचे बांधकाम २०१३ मध्ये झाले. तेथे लाकूड बदलते, परंतु बांधण्याची रीत आणि ती जाणणारे सुतार टिकून राहतात. जुन्या मोटारीचा सांभाळ करणाऱ्यानेही हाच आदर्श पुढे ठेवावा. नळी बदलली, टाकी बदलली, क्वचित संपूर्ण इंजिन नव्याने जुळविले, म्हणून गाडीचे सत्त्व गेले असे होत नाही. ज्या कल्पनेसाठी सत्तेचाळीस अभियंत्यांनी कष्ट घेतले, ती कल्पना रस्त्यावर चालती राहिली पाहिजे. तिचा मालक हा केवळ धनी नसून काही वर्षांपुरता नेमलेला विश्वस्त आहे. आपल्या हाती आली त्याहून बऱ्या स्थितीत ती पुढच्या हाती सोपविली, की त्याचे कर्तव्य पार पडले.