कांचेच्या पेटींतील मऊ प्रवाळ

तिवसा हें अमरावतीहून नागपुरास जाणाऱ्या हमरस्त्यावरील गांव. वर्धा नदी जवळ, संत्र्यांच्या बागा जवळ. समुद्र मात्र रस्त्यानें सहाशें किलोमीटरांहून अधिक दूर. अशा गांवीं बैठकीच्या खोलींत जिवंत प्रवाळ वाढवितां येईल काय, आणि एकाचीं दोन करितां येतील काय? दोन्हीं प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आहे. पण त्या होकारामागें कांहीं अटी आहेत.

प्रवाळ म्हणतांच अंगठींतील लाल पोंवळें आठवतें. तें एका समुद्री प्राण्याच्या सांगाड्यापासून होतें. मऊ प्रवाळ त्याच अष्टभुज कुळांतील होय. त्याचें अंग चामड्यासारखें असून आंत चुन्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रत्येक इवल्या तोंडाभोंवतीं पिसासारख्या आठ भुजा असतात. पुष्कळ जातींच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ राहतें आणि प्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करून आपल्या यजमानास देतें. म्हणून अशा प्रवाळास दिवा हा केवळ शोभेचा नव्हे, तर पोटाचा विषय आहे.

संत्र्याचा बागाईतदार जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. प्रवाळाची वाढ याहून सोपी. त्याच्या तुकड्याला परका खुंट लागत नाहीं. छत्रीसारख्या दिसणाऱ्या सार्कोफायटनाच्या टोपीचा तुकडा धारदार पात्यानें कापावा, खाऱ्या पाण्याच्या निराळ्या भांड्यांत धुवावा आणि लहानशा खडकावर जाळीच्या कापडानें हलकेच बांधावा. अंग बुळबुळीत असल्यामुळें नुसत्या चिकटद्रव्यावर भिस्त ठेवूं नये. पाण्याचा प्रवाह मंद असला, तर सामान्यतः कांहीं आठवड्यांत तुकडा खडकास धरतो. मूळ प्राण्याची जखमही भरून येते. मात्र जखमेंतून पाझरणारीं द्रव्यें पेटींतील इतर जीवांस बाधतात. त्यासाठीं पाणी सक्रिय कोळशांतून गाळावें. हातमोजे व चष्मा यांवांचून हें काम करूं नये. झोअँथिड नांवाच्या जवळच्या प्राण्यांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन हें अत्यंत जहाल विष असतें. त्यांस नवख्यानें पातें लावूंच नये.

खरी परीक्षा पाण्याची आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे; तेव्हां तेथील विहिरीचें पाणी चालेल, असें एखाद्यास वाटेल. तें चालणार नाहीं. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचें प्रमाण ठरलेलें असतें. विहिरीच्या खारटपणांत तें प्रमाण नसतें. क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यांत तयार समुद्री मीठ मिसळणें हाच योग्य मार्ग. पेटींतील पाणी आटतें तेव्हां मीठ मागें राहतें. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची.

दुसरी परीक्षा वैशाखाची. या प्राण्यांस २४ ते २७ अंश उष्णता मानवते; वऱ्हाडांत त्या दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाण्यावर पंखा फिरविल्यास तें कांहीं अंश थंड होतें. पण कडक उन्हाळ्यांत शीतयंत्रावांचून निभाव लागणें कठीण. वीज गेली कीं प्रवाहही थांबतो आणि पाण्यांतील प्राणवायू कमी होतो. म्हणून निदान पंपापुरती दुसरी सोय हवीच. १९९८ सालीं समुद्र नेहमींपेक्षां तापला, तेव्हां लक्षद्वीपचीं प्रवाळें आपलें शेवाळ गमावून पांढरीं पडलीं व पुष्कळ मेलीं. तेंच संकट घरच्या पेटीवर एका दुपारींही ओढवूं शकतें.

पहिला तुकडा आणावयाचा कोठून, हा प्रश्न नीतीचाही आहे आणि कायद्याचाही. दगडी प्रवाळ व समुद्रपंखा यांस वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. मालवणचें समुद्री अभयारण्य १९८७ पासून आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठीं २०२० सालीं वरळी व हाजीअली येथील १८ प्रवाळ वसाहती दुसरीकडे लावाव्या लागल्या, त्या शासनाची परवानगी घेऊन व शास्त्रज्ञांच्या हातून. सहलीस गेलेल्यानें मऊ प्रवाळही खडकावरून उचलून आणूं नये. दुसऱ्याच्या पेटींत वाढलेला तुकडा, त्याचें मूळ विचारून घ्यावा. एका घरीं वाढलेल्या प्रवाळानें चार घरांची हौस भागली, तर समुद्रांतील तितकीं प्रवाळें जागच्या जागीं राहतात. कलमाचें खरें मोल यांतच आहे.

म्हणून तिवशाच्या गृहस्थानें पेटी मांडतांच पातें हातीं घेऊं नये. प्रथम एक वैशाख जाऊं द्यावा. ज्या पेटींतील प्रवाळ त्या उन्हाळ्यांतून भुजा पसरून बाहेर पडलें, त्याचाच तुकडा करावा. आणि पहिला तुकडा रुजला, कीं तो शेजाऱ्यास द्यावा.