वर्गातली मुभा, वर्गाबाहेरची मर्यादा



 राज्यभरातल्या शिक्षकांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. वर्गात कथेच्या झेरॉक्स वाटताना किंवा कृतिपत्रिकेत अपठित उतारा घालताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात शंका येते, की हे कायद्यात बसतं का? काही जण या भीतीपोटी पाठ्यपुस्तकाबाहेर जातच नाहीत. काहींना मात्र ‘शिक्षणासाठी सगळंच चालतं’ असं वाटतं. दोन्हींत विद्यार्थ्याचं आणि लेखकाचं नुकसान आहे.

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षकाला स्पष्ट मुभा आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, परीक्षेच्या प्रश्नांत घेतलेला मजकूर आणि उत्तरांत उतरवलेला मजकूर यांनी प्रताधिकाराचा भंग होत नाही. शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी पालकांसमोर सादर केलेल्या नाटकालाही हे कलम संरक्षण देतं.

या मुभेची कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानात अभ्यासक्रमातल्या प्रकरणांच्या झेरॉक्स बांधून मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दुकान आणि विद्यापीठ यांच्याविरुद्ध दावा लावला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एकल न्यायाधीशांनी तो फेटाळला. प्रकाशकांच्या अपिलावर डिसेंबरमध्ये खंडपीठाने सांगितलं, की शिकवणं म्हणजे फक्त तासाला दिलेलं व्याख्यान नव्हे. आणि किती पानं चालतील याचं ठरीव माप नाही, शिकवण्याला जेवढी गरज तेवढी नक्कल न्याय्य. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. हजारो रुपयांची पुस्तकं ज्याला परवडत नाहीत, अशा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी हा निकाल मोलाचा आहे.

पण त्या निकालाचा आधार गरज हाच आहे, हे विसरू नका. कथासंग्रहातली एक कथा वर्गासाठी काढणं वेगळं आणि अख्ख्या संग्रहाची पीडीएफ गावभरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरवणं वेगळं. तिथे शिकवणं उरत नाही, मराठी लेखकाची आधीच तुटपुंजी असलेली मिळकत मात्र बुडते. तिकीट लावून बाहेरच्या प्रेक्षकांसाठी नाटक केलं, तर नाटककाराची परवानगी घ्यायलाच हवी.

मुदतीचा हिशेबही प्रत्येक शिक्षकाला यावा. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं प्रताधिकार टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे. शाळेने ती छापून वाटली तरी हरकत नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांच्या कविता २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. त्या वर्गात शिकवायला, लिहून द्यायला कुणाची आडकाठी नाही. त्यांचं पुस्तक छापून विकायचं असेल तर परवानगी हवी.

मुदत संपली तरी शिक्षकाची एक जबाबदारी संपत नाही, ती म्हणजे लेखकाचं नाव सांगणं. आपल्या स्वाध्यायपत्रिकांवर, फलकांवर, परिपाठाच्या वहीत कित्येक कविता निनावी असतात. नाव गळलं की मुलाला त्या कवीचं दुसरं पुस्तक शोधायची वाटच उरत नाही. वाचक घडवणारी संधी आपणच घालवतो.

म्हणून माझी या सभागृहाला विनंती आहे. इथून जाताना तीन गोष्टी ठरवू या. प्रत्येक झेरॉक्सवर आणि कृतिपत्रिकेवर लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव असेल. अख्खं पुस्तक लागलं, तर शाळेच्या ग्रंथालयासाठी ते विकतच मागवू. आणि ऑनलाइन वर्गांनाही ही मुभा निःसंदिग्ध शब्दांत मिळावी, असा ठराव हे अधिवेशन केंद्र शासनाकडे पाठवेल.

कायद्याने आपल्यावर विश्वास टाकला आहे. हक्क ठामपणे वापरा, लेखकाचा मान राखा आणि पाठ्यपुस्तकापलीकडचं मराठी साहित्य निर्भयपणे मुलांच्या हाती द्या.