शेवटच्या पंगतीचे प्रेक्षक



नवा चित्रपट आला म्हणजे तो चांगला की वाईट, एवढीच चर्चा बहुधा होते. त्या चर्चेत आज आम्ही शिरणार नाही. चांगल्या-वाईटाचा निवाडा करण्यास आधी तो चित्रपट डोळ्यांनी दिसावा लागतो, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याकडे फार काळ दुर्मीळ होती. तेव्हा आमचा प्रश्न साधा आहे. नवा चित्रपट बिरसीच्या माणसाला केव्हा दिसतो, कोठे दिसतो, आणि कोणाच्या शेजारी बसून दिसतो?

हा प्रश्न आजच विचारण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत एकाच चित्रपटाला दोन वाटा फुटल्या आहेत. एक चित्रगृहाची, दुसरी घराची. काही चित्रपट पहिल्या वाटेने येऊन मग दुसरीने घरी शिरतात. काही चित्रगृहाचे तोंडही न पाहता थेट आपल्या हातातल्या फोनवर उतरतात. याने नफा कोणाचा आणि तोटा कोणाचा, याचा हिशेब मुंबईतले व्यापारी मांडतात. आपला हिशेब आपण मांडावयास हवा.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्या दिवसापासून चित्रपट पाहण्यासही लग्नातल्या जेवणासारख्या पंगती पडू लागल्या. पहिली पंगत मुंबईची. दुसरी पुणे, नागपूर अशा शहरांची. मग जिल्ह्याची ठिकाणे, मग तालुक्याची, आणि शेवटी जत्रेतले तंबू. शेवटच्या पंगतीला जेवण मिळत नाही असे नाही. पण कढी पातळ झालेली असते आणि जिलबी संपलेली असते. चित्रपटाचेही तसेच होई. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर दर सेकंदाला चोवीस चित्रे पळत. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. तीन तासांच्या चित्रपटाला सोळा हजार फुटांहून अधिक पट्टी लागे. ती यंत्रातून शेकडो वेळा फिरली म्हणजे तिच्यावर ओरखडे पडत, ती तुटे, तुटलेला भाग कापून सांधला जाई. शेवटच्या पंगतीच्या वाट्याला येई ती अशी सांधलेली पट्टी. नायक दार उघडून बाहेर पडे तो एकदम दुसऱ्या गावी दिसे, आणि प्रेक्षक समजून घेत.

आपण ज्या पंगतीत बसत होतो तिचे नाव मोठे गमतीचे आहे. चित्रपट-व्यवसायाने हिंदुस्थानचे जे विभाग पाडले, त्यांत विदर्भ ‘सी. पी. बेरार’ या विभागात पडला. हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला; पण चित्रपटाच्या वह्यांत आपण राहिलो ते मध्यप्रांत-वऱ्हाडातच! या विभागाचे वितरक बसत ते अमरावतीस, आणि व्यवसायाची संघटना भुसावळास. डब्यांच्या पेट्या रेल्वेने येत. आणि गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन असल्यामुळे त्या बाबतीत आपण तसे सुदैवी होतो. पण या पेट्यांत असे बहुधा हिंदी चित्रपट. मराठी चित्रपटाचा व्यापार मुंबई, पुणे, कोल्हापूर याच पट्ट्यात घोटाळत राही. वर्धा ओलांडून पूर्वेकडे यावयास त्यास धीर होत नसे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक चालला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच सुमारास तो धानाच्या मुलखात किती ठिकाणी दिसला, हे मात्र कोणी विचारीत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात या उणिवेवर जत्रेतल्या तंबूंनी थोडा उतारा काढला. मालमोटारीवर यंत्र, समोर कनात, आत सतरंज्या. त्या तंबूंचे अखेरचे दिवस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात टिपून ठेवले आहेत. ज्यांना मिळेल त्यांनी तो अवश्य पाहावा.

घरची वाट निघाली ती दूरदर्शनपासून. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण त्याचा मनोरा मुंबईचा, आणि प्रकाश पडे तोही तिकडेच. आपल्याकडे पेटी खऱ्या अर्थाने आली ती पुढच्या दशकात. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा ज्याच्या घरी पेटी त्याच्या घरी गाव, असा प्रकार होता. त्याच सुमारास भाड्याच्या व्हिडिओची टूम निघाली. एका रात्रीत तीन-तीन चित्रपट. वर्गणी काढून, वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी लावून. पुष्कळशा फिती चोरीच्या असत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आम्हांस येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ती पेटी घरची असली, तरी पाहणारे घरचे नव्हते. अंगण भरून माणसे बसत. घरातल्या पेटीचेही आपण चित्रगृह केले होते.

मग रिळेच गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून चित्रपट उपग्रहावरून किंवा संगणकाच्या तबकडीतून चित्रगृहात उतरू लागला, आणि पुढच्या दहा वर्षांत पस्तीस मिलिमीटरची पट्टी जवळजवळ नाहीशी झाली. शुक्रवारी सकाळी मुंबईत जे चित्र दिसते तेच, तितक्याच स्वच्छतेने, गोंदियात दिसू शकते. आपल्या गावच्या धावपट्टीचा इतिहास आठवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली. मग कित्येक वर्षे ती नुसती पडून होती. आता तेथे वैमानिक शिकतात, आणि २०२२ च्या मार्चपासून प्रवासी विमानेही येऊ लागली. पण चित्रपटाला त्या विमानाचीही गरज उरली नाही. तो विमानाच्या वरून, आकाशातून येतो.

तर मग पंगती मोडल्या काय? नाही, त्यांनी रूप पालटले. पूर्वी भेद गावागावांत होता, आता तो खेळाखेळांत आला. चित्रपट त्याच शुक्रवारी लागतो खरा. पण मोठ्या हिंदी चित्रपटाला दिवसाचे पाच खेळ, आणि मराठीला दुपारचा एक, तोही कामधंद्याच्या वेळी. या तक्रारीला तोंड देण्यासाठी महाराष्ट्र शासनाला २०१५ च्या एप्रिलमध्ये बहुपडदा चित्रगृहांना मराठीसाठी चांगल्या वेळेचा खेळ राखून ठेवण्यास सांगावे लागले. त्यावर वाद झाला, आणि अखेर दुपारी बारा ते रात्री नऊ या मुदतीवर तडजोड झाली. आपल्याच राज्यात आपल्या भाषेला वेळ मागावी लागते, यावर आम्ही अधिक बोलत नाही.

२०२० साली साथ आली आणि चित्रगृहांना कुलपे पडली. त्या वर्षी १२ जूनला अमिताभ बच्चन यांचा ‘गुलाबो सिताबो’ हा मोठा हिंदी चित्रपट चित्रगृह वगळून थेट घरी आला. मराठीतले उदाहरण याहून बोलके आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला व्हेनिसच्या महोत्सवात २०२० साली उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर घरोघर उपलब्ध झाला. शास्त्रीय गायन शिकणाऱ्या, पण शिखर न गाठू शकलेल्या एका गायकाची ती कथा आहे. असा चित्रपट जुन्या व्यवस्थेत आपल्याकडे कधी काळी आला असता, असे आम्हांस वाटत नाही. येथे मात्र पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या रसिकाला आणि बिरसीच्या शिक्षकाला तो एकाच दिवशी पाहता आला. शंभर वर्षांत प्रथमच शेवटची पंगत पहिल्या पंगतीबरोबर बसली. घरच्या चित्रपटाला नाके मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये. चित्रगृहाचा महिमा गाणारे बहुतेक लोक चित्रगृहाजवळ राहणारे असतात.

एवढे कबूल करून आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. चित्रपट घरी आला, हे ठीक. पण तो आला तो एकेकट्याकडे. व्हिडिओच्या रात्री अंगण भरत होते, फोनच्या पडद्यापुढे एक माणूस मावतो. त्याच घरात आजी एक पाहते, सून दुसरे, नातू तिसरे. सर्वांच्या कानांत बोंडे. पाहून झाल्यावर बोलावयाचे कोणाशी? समोरच्याने तर ते पाहिलेलेच नसते.

हे नुसते हळहळणे आहे असे कोणी म्हणेल. म्हणून एक उदाहरण देतो. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी चित्रगृहांत लागला. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढेच कथानक. दोन महिन्यांच्या आत तो घरी दिसणार, हे आजकाल कोणालाही ठाऊक असते. तरी बायका थांबल्या नाहीत. भिशीच्या मैत्रिणी, जावा-नणंदा, सासवा-सुना घोळक्याने, ठेवणीतली लुगडी नेसून चित्रगृहांत गेल्या. चित्रपटाच्या कलागुणांविषयी मतभेद असतील, आमचेही आहेत. पण ज्या बाईला घरात स्वतःसाठी तीन तास मिळत नाहीत, तिला ते बाहेर, इतरांच्या संगतीत मिळाले. घरच्या पडद्यावर तोच चित्रपट पाहताना मध्येच कुकरची शिट्टी होते आणि तिला उठावे लागते.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात चित्रित झाला. गावचेच लोक त्यात आहेत. बोली आपली आहे, कापूस आपला आहे, आणि मुलगी पाहण्याचा तो सोहळाही आपलाच आहे. सविता नावाची शिकणारी मुलगी, आणि तिला पाहावयास एकामागून एक येणारी माणसे. प्रारंभीच स्वप्नात हा प्रकार उलटा होतो: पाटावर मुलगा बसलेला, प्रश्न विचारतात बायका. श्रोतेहो, हा चित्रपट २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तेथे त्याने पारितोषिक मिळवले, आणि महाराष्ट्राच्या चित्रगृहांत लागला तो ७ मार्च २०२५ रोजी. कॅनडातल्या माणसाने आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली मुलगी पाहिली, त्यानंतर दीड वर्षाने ती आपल्याला दिसू शकली. यात दिग्दर्शकाचा दोष नाही. छोट्या चित्रपटाला वितरक मिळेपर्यंत असाच काळ जातो. आणि हा चित्रपट एकट्याने फोनवर पाहून काय होणार? बाप, मुलगी, मामा आणि लग्न जुळवणारा मध्यस्थ, हे सगळे एका अंधारात शेजारी बसले आणि ते प्रश्न पडद्यावरून ऐकू आले, तर उजेड झाल्यावर कोणी कोणाकडे पाहावे, हा प्रश्न खरोखरच पडेल.

असे शेजारी बसणे आम्हां झाडीपट्टीच्या लोकांना शिकवावे लागत नाही. धान कापून झाले, दिवाळी सरली, की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि कनाती लावून उभारलेल्या नाट्यगृहात रात्रभर नाटक चालते. देसाईगंज-वडसा येथून नाटकमंडळ्या निघतात. एका गावात एका रात्री दोन-तीन नाटकेही लागतात, आणि सगळ्यांना प्रेक्षक पुरतात. तिकीट काढून, घोंगडी पांघरून, पाहुण्या-रावळ्यांसह माणसे पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. २०२२ च्या जूनमध्ये या रंगभूमीवरच ‘झॉलीवूड’ नावाचा चित्रपटही आला. दूरदर्शन आले, व्हिडिओ आला, फोन आला. नाटकाची रात्र हटली नाही. शहरातली चित्रगृहे ओस पडली म्हणून जे हताश होतात त्यांनी एकदा पौष महिन्यात इकडे यावे आणि थंडी सोसावी.

तेव्हा आमची सूचना अशी. मंडईला नाटक असतेच. त्याच्या दुसऱ्या रात्री त्याच कनातीत एक नवा मराठी चित्रपट लावावा. यंत्र भाड्याने मिळते, पडदा शिवून घेता येतो. एक गोष्ट मात्र स्वच्छ ठेवावी. घरासाठी घेतलेल्या वर्गणीवर चित्रपट चौकात दाखवता येत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे जाहीर खेळाला हक्कदाराची परवानगी लागते, आणि खेळाच्या जागेसाठी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. लहान चित्रपटांच्या निर्मात्यांना प्रेक्षक हवेच असतात. त्यांना रीतसर पत्र लिहिण्यास हरकत काय? फिल्म सोसायट्यांचा आपल्या देशातला महासंघ १९५९ सालचा आहे, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. ती चळवळ शहरांत वाढली. तिला खेड्यात येण्यास कोणी मनाई केलेली नाही.

खेळ फुकट ठेवू नये. नाटकाला तिकीट काढणारा माणूस चित्रपटालाही काढील, आणि त्यातला वाटा निर्मात्याला गेला तर पुढच्या वर्षी तो आपण होऊन विचारील. स्त्रियांसाठी पुढच्या रांगा राखाव्यात, आणि खेळ रात्री नऊला सुरू करून बारापर्यंत संपवावा, म्हणजे लहान मुलांच्या आयांना येता येईल. पहिल्या वर्षासाठी आम्ही ‘स्थळ’चे नाव सुचवतो. कोणाच्या मनात दुसरे नाव असेल तर त्यांनी ते सभा संपल्यावर येथेच चिटणिसांकडे लिहून द्यावे; मंडईला अजून पाच-सहा महिने आहेत, पण पत्रव्यवहारास तेवढे लागतातच.