मोरसला गेलेले थोरले बाबा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नार्नूर येथे केलेले भाषण)



पूर्वजांचा शोध या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. परंतु घरातून निघून गेलेल्या एका माणसाचा माग काढण्यात आमची तीन वर्षे गेली. तेवढी हकिगत आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या आत्याबाई सांगत असत, "थोरले बाबा मोरसला गेले ते आलेच नाहीत." आम्हा मुलांना वाटे, अमरावतीकडच्या मोर्शीला गेले असतील. मोर्शीला गेलेला माणूस परत का येऊ नये, हे कोडे मात्र सुटत नसे. पुढे कळले की जुन्या लोकांच्या तोंडी मॉरिशसचे नाव मोरस होते. तिकडून मुंबईस येणारी पांढरी साखर, ती मोरस साखर. म्हणजे थोरले बाबा साखरेच्याच देशी गेले होते.

आमचे मूळ साताऱ्याकडचे. दोघे भाऊ. जमीन थोडी, त्यावर सावकार. थोरला मुंबईस गेला आणि तेथून जहाजावर चढला. धाकटा काही वर्षांनी बैलगाडी जुंपून निघाला, तो वऱ्हाड, किनवट करीत शेवटी या नार्नूरच्या रानात स्थिरावला. त्याच्या गाडीत थोरल्याची बायको होती. तिला मूलबाळ नव्हते. घरची मुले तिला थोरली आई म्हणत. नवऱ्याची काहीच वार्ता नाही, म्हणून तिने शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही. वटपौर्णिमेला ती वडाला सूत गुंडाळी. तिला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, यावर गावच्या बायकांत कुजबुज होई. काही बोलावीत, काही बोलावीत नसत. ती गेल्यावर घरात दुसराच प्रश्न उभा राहिला. तिचे श्राद्ध होई, त्यांचे कसे करावे? जिवंत माणसाचे श्राद्ध केल्याचा दोष लागला तर? म्हणून चार पिढ्या त्यांचे पान वाढलेच गेले नाही.

आता त्या जहाजांविषयी. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी उठली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ हिंदी मजूर तेथे उतरले होते. हाल फार होतात असा बोभाटा झाल्याने १८३९ मध्ये ही भरती थांबविण्यात आली. १८४२ च्या कायद्याने ती कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झाली. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर गेली. त्यांत मुंबईहून गेलेली थोडी, आणि त्यांतली पुष्कळशी रत्नागिरी, सातारा या बाजूची. महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, तूप, मीठ असा करार असे. पाच रुपयांसाठी माणूस काळे पाणी ओलांडतो, यावरून गावाकडची स्थिती ओळखावी.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या चढून हे लोक आत जात. ती जागा आप्रवासी घाट या नावाने जतन केली आहे. २००६ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथे कारकून प्रत्येकाची नोंद करी. जहाज, पोहोचल्याची तारीख, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा आणि अंगावरची खूण. शिवाय एक नंबर दिला जाई. माणूस मळा बदलो, लग्न करो की मरो, तो नंबर त्याला चिकटलेला असे. या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मॉरिशसमधील आपले मराठी बांधव तेथूनच आपल्या पणजोबांचा दाखला काढतात. २०२५ च्या मार्चमध्ये तिकडील सातव्या पिढीपर्यंत भारताचे परदेशी नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे जाहीर झाल्यापासून तर त्या दाखल्यास अधिकच महत्त्व आले आहे.

परंतु तिकडच्या माणसाजवळ घरच्या कागदांत कोठे तरी तो नंबर असतो, किंवा निदान जन्ममृत्यूचे दाखले तरी असतात. आमच्याजवळ काय होते? "मोरसला गेले", एवढे दोन शब्द आणि आत्याबाईंची आठवण. पहिली चूक आम्ही केली ती आडनाव धरून बसण्याची. त्या वह्यांत आडनाव बहुधा नसतेच. नाव आणि बापाचे नाव, झाले. पुढे तेच पूर्वजाचे नाव नातवंडांचे आडनाव होऊन बसते. दुसरी अडचण अक्षरांची. थोरल्या बाबांना पंढरीच्या देवाचे नाव होते. ते साध्या बोलीत सांगितलेले, आणि मराठी न जाणणाऱ्या कारकुनाने इंग्रजीत उतरविलेले. एकाच नावाची सहासात रूपे आम्ही कागदावर मांडली, तेव्हा कोठे शोध पुढे सरकला. ज्या कोणास असा शोध करावयाचा असेल त्यांनी शुद्धलेखन घरी ठेवावे आणि नाव मोठ्याने उच्चारून पाहावे.

तरी बापाचे नाव निश्चित हवे होते. ते आम्हास नाशिकला मिळाले. आमचे पणजोबा एकदा गंगेवर गेले होते, एवढे ऐकून होतो. तीर्थोपाध्यायांकडे गाव व आडनाव सांगितले, तेव्हा त्यांनी बासनातून मोडीतली वही काढली. पणजोबांच्या हातची सही, तिच्यावर त्यांच्या वडिलांचे नाव, त्यांच्या शेजारी थोरल्या बाबांचे. धाकट्याच्या नावाखाली मुलानातवांची रांग, थोरल्याच्या नावाखाली कोरी जागा. ती जागा पाहून आम्हास काही बोलवेना.

येथे एक गोष्ट बोलून दाखवितो. जो समुद्रापार गेला त्याची उंची सुद्धा लिहून ठेवलेली आहे. जो गाडीतून नार्नूरला आला त्याची नोंद कोणत्या नाक्यावर झाली? धाकटे बाबा कोणत्या साली येथे आले, हे आजही आम्ही सांगू शकत नाही. निजामशाहीतील जमिनीचे कागद, १९५४-५५ ची खासरा पहाणी, हैदराबादेस तारनाका येथील राज्य अभिलेखागार, येथवर जाता येते. साल फसली असेल तर त्यात ५९० मिळवावे. किनवट व राजुरा १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, हेही तिकडून आलेल्या घराण्यांनी ध्यानात ठेवावे. परंतु त्या कागदांत शेत सापडते. माणूस क्वचितच सापडतो.

असो. तिकडील एका मराठी शिक्षकांनी फार श्रम घेतले. वर्षभर पत्रे गेली-आली, आणि एके दिवशी नोंदीची नक्कल आली. नाव जुळले. बापाचे नाव जुळले. जिल्हा सातारा. गावाचे नाव असे लिहिलेले की ते दोन गावांना लागू पडावे. खुणेच्या रकान्यात कपाळावरील व्रण. आत्याबाई सांगत, पोरवयात बैलाचे शिंग त्यांच्या भुवईवर लागले होते. कपाळावर व्रण असणारी माणसे शेकड्यांनी असतील हे आम्ही जाणतो. कोणी वकील उभा राहिला तर तो आम्हास निरुत्तर करील. तरीही तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर आम्ही ते आमचेच मानले. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरांना फोटोसह परवाना घ्यावा लागे, म्हणून त्यांचा चेहरा पाहावयास मिळेल अशी फार आशा होती. परंतु त्यापूर्वीच ते गेले. बेटावर पोहोचल्यानंतर नऊ वर्षांनी मृत्यू, असा शेरा त्याच ओळीत आहे.

लग्नाची नोंद नाही. हे वाचले तेव्हा घरातील बायकांनी सुस्कारा सोडला. धार्मिक विधीने झालेली पण सरकारात न नोंदलेली लग्ने तेथे कायद्याने धरली जात नसत, हे आम्हास ठाऊक होते. पण त्या वेळी आम्ही ते बोललो नाही. आज येथे बोललो, कारण कागदाने जेवढे सांगितले तेवढेच आपणापुढे ठेवावयाचे आहे.

आत्याबाईंनी सांगितलेल्या वयावरून हिशेब केला. थोरल्या आईने ते गेल्यानंतर तीस-पस्तीस वर्षे कुंकू लावले. आमच्या सूनबाई म्हणाल्या, "बरे झाले, पत्र आले नाही." आमच्या वडीलबहिणीस हे मुळीच पटले नाही. तिचे म्हणणे, निदान वाट पाहणे तरी संपले असते. त्यावर आमच्या घरी अजून वाद चालतो.

नोंदीतल्या इंग्रजी तारखेवरून आम्ही तिथी काढविली. त्या तिथीस यंदा त्यांचे पान प्रथमच वाढले, शेजारी थोरल्या आईचे. नक्कल आम्ही ट्रस्टच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्यांच्या घरी कोणी मोरसला गेल्याचे बोलले जात असेल त्यांनी ती येऊन पाहावी, आणि येताना वडीलधाऱ्यांना बापाचे नाव विचारून यावे.