न दिसणारा धूर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त ब्रह्मा घाट, वाराणसी येथे दिलेले व्याख्यान)



ब्रह्मा घाटाच्या अरुंद गल्ल्यांत मालमोटार शिरत नाही. तरीही डिझेलचा धूर येथील मराठी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. तो पायऱ्यांखालच्या नौकांतून वर येत असे. २०२१ पासून या नौकांना सीएनजीची इंजिने बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. नौकेला फेरी संपवून जवळच्या घाटावर इंधन भरता येते. शेकडो कोस माल वाहणाऱ्या मोटारीस ही सोय सर्वत्र नाही, आणि आपल्या घरचे धान्य व औषधे तर तीच काशीपर्यंत आणते. म्हणून डिझेल तूर्त राहणार असे धरूनच त्याच्या धुराचा विचार करणे प्राप्त आहे.

डिझेल इंजिनाचा पेच दुहेरी आहे. ज्वलन अधिक तप्त केले तर काजळी घटते, पण हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ज्वलनाची उष्णता उतरविली तर ती घटतात आणि काजळी वाढते. एकीला दाबावे तो दुसरी डोके वर काढते. यावर उपाय निघाला तो धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर. तेथे सिरॅमिकच्या फिल्टरमध्ये काजळी अडते व ठराविक काळाने जाळली जाते. पुढे यूरियाचे द्रावण फवारतात. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर त्या ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन व वाफ यांत रूपांतर होते.

गंधकामुळे उत्प्रेरक निकामी होऊ लागतो. म्हणून १ एप्रिल २०२० रोजी देशभर ‘भारत स्टेज ६’ मानके लागू झाली, तेव्हा डिझेलमधील गंधकाची मर्यादाही दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. अवजड इंजिनांच्या स्थिर भाराच्या चाचणीत नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर किलोवॅट-तासास ३.५ ग्रॅम होती, ती ०.४ ग्रॅम झाली. अशा चाचण्या घेणारी, १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही संस्था आपल्या पुण्याची आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु आमच्या शासकीय सेवेने आम्हांस एक गोष्ट शिकविली आहे: नियम छापला म्हणजे पाळला गेला, असे होत नाही. यूरियाचे द्रावण संपले तर गाडी इशारा देते आणि पुढे तिची शक्तीही घटते. यावर खर्च वाचविण्यासाठी संवेदकाला चकविणारे उपकरण बसविणारे लोक आहेत. अशा गाडीतून काळा धूर निघेलच असे नाही. डिझेल वाहनांच्या ‘पीयूसी’ तपासणीत धुराची घनता मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे मोजली जात नाहीत. प्रमाणपत्र हाती असते, आणि विषारी वायू मात्र वृद्धांच्या व बालकांच्या श्वासात जातो.

तेव्हा तपासणीने या न दिसणाऱ्या धुराचीही दखल घ्यावी, अशी मागणी आपण नागरिक म्हणून केली पाहिजे. आपल्यापैकी जे व्यापारात आहेत त्यांनी भाडे ठरविताना एवढे अवश्य विचारावे: गाडीत द्रावण नियमित भरले जाते ना? दोन पैसे स्वस्त पडणाऱ्या भाड्याची उरलेली किंमत कोणाच्या तरी फुप्फुसांतून वसूल होत असते.