जे सापडले नाही त्याची गोष्ट

श्रोतेहो, लंबकाचा प्रयोग आपल्यापैकी पुष्कळांनी केला असेल. आंदोलने मोजायची आणि त्यांवरून गुरुत्वाकर्षणाचे मूल्य काढायचे. उत्तर ९८० च्या आसपास यावे, हे आधीच ठाऊक असते. विद्यार्थी असताना माझे उत्तर एकदा ९५० आले. मी काय केले? गुपचूप आकडे फिरवले आणि जर्नलमध्ये ९७९ लिहिले. शाबासकी मिळाली. आज मी स्वतः शिकवतो, तेव्हा ती शाबासकी टोचते. का, ते सांगण्यासाठी तुम्हांला एका फार मोठ्या प्रयोगशाळेत नेतो.

ही प्रयोगशाळा म्हणजे जिनिव्हाजवळची सर्न. तिथे जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल, २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यात प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवतात आणि समोरासमोर आदळवतात. दोन बोरे आदळली तर फार तर फुटतील. त्यांतून नारळ काही निघणार नाही. पण इथे तसेच काहीसे घडते. ऊर्जेचे वस्तुमान होते आणि प्रोटॉनहून कितीतरी जड कण जन्मतो, अन् लगेच मोडतो. २०१२ साली असाच हिग्ज कण सापडला. तो प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट जड आहे.

असा कण प्रत्यक्ष दिसत नाही. त्याचे तुकडे टिपायचे, त्यांची ऊर्जा मोजायची आणि हिशेब मांडायचा. हे काम करणाऱ्या सीएमएस नावाच्या यंत्रात आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा आहे. त्याच्या बाहेरच्या थरात कण शिरताच चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या फरशा आहेत. त्या थराचे काम या संस्थेने केले. टकरी सेकंदाला कोट्यवधी होतात. उफणणीत भूस उडून दाणे उरावेत, तशा त्यांतल्या थोड्याच नोंदी ठेवतात.

डिसेंबर २०१५ मध्ये सीएमएस आणि त्याच बोगद्यावरील ॲटलस या दोन्ही यंत्रांच्या नोंदींत प्रकाशकणांच्या काही जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या. हिशेब सांगत होता, प्रोटॉनच्या ८०० पट जड असा नवा कण असावा! जगभर खळबळ उडाली, शेकडो निबंध लिहिले गेले. पण नाणे पाच वेळा उडवून पाचही वेळा छापा पडला, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. मोजणी चालूच राहिली. सुमारे चौपट नव्या नोंदी हाती आल्या आणि तो उंचवटा विरून गेला. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत दोन्ही गटांनी उघड सांगितले : कण नाही, योगायोग होता.

मग एवढा खटाटोप वाया गेला का? गावात एखाद्याने विहीर खणली आणि 'इथे चाळीस हातांपर्यंत पाणी नाही' असे खरे सांगितले, तर शेजाऱ्याचा पैसा वाचतो. तसेच हे. हिग्जनंतर नवा मूलकण आजवर सापडलेला नाही. पण कुठवर शोधून झाले, ते पुढच्यांना ठाऊक आहे.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या मुलाचे उत्तर ९५० आले तर रागावू नका. त्याला विचारा, 'बाळ, दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलीस का?' कदाचित चूक तिथेच सापडेल. न सापडली, तरी ९५० च लिहू द्या आणि पुन्हा मोजायला सांगा. मला कोणी तसे सांगितले असते तर बरे झाले असते.